पिवळ्या शिरांचा माग

भेंडीला केवडा लागला की पान एकदम पिवळं पडत नाही. आधी शिरा पिवळ्या होतात, शिरांमधला भाग हिरवाच राहतो आणि पानावर पिवळी जाळी उमटते. रोग वाढला की नवी पानं पिवळीच फुटतात, शेंडा खुजा राहतो, फळं आखूड, पांढुरकी आणि निबर निघतात. परभणी, मानवत, सेलू, पाथरी या भागात भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. कोणी याला केवडा म्हणतं, कोणी हळद्या. कृषी खात्याच्या पत्रकात तो ‘यलो व्हेन मोझॅक’ असतो. बाजरी-ज्वारीवरचा केवडा निराळा, तो बुरशीच्या जातकुळीचा. भेंडीवरचा विषाणूचा.

या पिवळ्या शिरांचा माग काढत गेलं तर पुणे, परभणी, दिल्ली अशी गावं लागतात, आणि वाटेत पाव फुगवणाऱ्या यीस्टची एक पेशी लागते. तिथे थांबल्याशिवाय हा रोग कळत नाही, असं माझं मत आहे. कारण हा विषाणू पानाला विष घालत नाही. पान आपली जनुकीय संहिता जपण्यासाठी जी प्रथिनं बाळगतं, त्यांनाच तो कामाला लावतो.

पिवळ्या शिरांची सगळ्यांत जुनी नोंद शेतीच्या पुस्तकात नाही, जपानी कवितेत आहे. इ. स. ७५२ मध्ये सम्राज्ञी कोकेन हिने ऐन उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या एका रोपावर पाच ओळी लिहिल्या आणि त्या ‘मान्योशू’ या संग्रहात आल्या. ते रोप युपॅटोरियमचं असावं, असं मानतात. त्या झाडाच्या पिवळ्या शिरांमागे विषाणू आणि त्याचा एक उपग्रह अशी जोडी असते, हे २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. वनस्पतीच्या विषाणूजन्य रोगाची ही जगातली पहिली ज्ञात नोंद ठरली. तो विषाणू आपल्या भेंडीवरच्या विषाणूचा भाऊबंदच आहे.

आपल्याकडची नोंद त्यानंतर जवळपास बाराशे वर्षांनी झाली. मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या मोझॅक रोगांबद्दल जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहिलं, त्यात भेंडीचा हा रोग आला. पुढे १९४० मध्ये बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचं दाखवून त्याला आजचं इंग्रजी नाव दिलं. कपूर आणि वर्मा यांनी १९५० मध्ये आणखी तपशील मांडले. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळला तर रोग लागत नाही, बियाण्यातूनही तो येत नाही. कलम केलं तर मात्र येतो, आणि पांढरी माशी बसली तर येतो. १९५२ मध्ये वर्मा यांनी ही माशी आणि विषाणू यांचं नातं सविस्तर लिहिलं.

यातली एक गोष्ट पुढे कामी येणार आहे. रस चोळून रोग लागत नाही, याचं कारण असं की हा विषाणू पानाच्या वरच्या थरात रमत नाही. त्याला आत, शिरेतल्या अन्नवाहिनीजवळच्या पेशी लागतात, आणि माशीची सोंड नेमकी तिथे पोचते. म्हणून पिवळेपणा शिरांपासून सुरू होतो.

शेतकऱ्याला मात्र माशीच्या सोंडेपेक्षा बियाण्याची पुडी महत्त्वाची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि सहकाऱ्यांनी ‘पुसा मखमली’ आणि ‘आयसी १५४२’ नावाचा एक संग्रहित वाण यांच्या संकरातून ‘पुसा सावनी’ काढली. १९६० च्या सुमारास ती देशभर गेली. शेतात ती केवड्याला दाद देत नसे. पण ती ताकद फार वर्षं टिकली नाही. सत्तरच्या दशकात पुसा सावनीची शेतं पिवळी होऊ लागली. १९७४ मध्ये शास्त्री आणि सिंग यांनी नुकसानीचा हिशेब मांडला: रोग किती लवकर येतो त्यावर उत्पादनातली घट ५० ते ९४ टक्के. ज्याच्या भेंडीला उगवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केवडा लागला, त्याने तोडणीची आशा सोडावी, असा त्याचा सरळ अर्थ.

परभणीत १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. (२०१३ मध्ये, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्याला त्यांचं नाव मिळालं.) या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाय. एस. नेरकर आणि एन. डी. जांभळे यांनी भेंडीच्या प्रश्नाला हात घातला. नेरकर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण भेंडी लावणाऱ्या माणसाला त्यांची ओळख परभणीच्या या कामाने व्हायला हवी.

लागवडीच्या भेंडीत टिकाऊ प्रतिकार सापडत नव्हता. मग तो तिच्या रानटी आणि अर्धरानटी नातलगांत शोधायचा ठरला. त्यातली एक जात म्हणजे ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट. तिच्यावर केवडा दिसत नसे. या दोघींचा संकर करून नेरकर आणि जांभळे यांनी पुढच्या पिढ्यांतली रोगट आणि निरोगी झाडं मोजली. १९८१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: प्रतिकार एका प्रभावी जनुकाकडून येतो. पैदासकाराच्या कानाला याहून गोड वाक्य नाही. दहा जनुकं उचलून आणायची तर जन्म जातो, एक उचलता येतं.

पण उचलायचं कसं? भेंडीच्या पेशीत साधारण १३० गुणसूत्रं असतात, मॅनिहॉटमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. संकरित झाड उगवतं, फुलतं, आणि बहुतेक वांझ निघतं. परागकण किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांनी जोडीदार शोधून जोड्या लावायच्या असतात, एकमेकांत तुकड्यांची देवघेव करायची असते आणि मग समान वाटणी व्हायची असते. इथे कित्येक गुणसूत्रांना जोडीदारच मिळत नाही. ती वाटेल तशी वाटली जातात, आणि असा परागकण मरतो. परभणीत या अडचणीवर बरेच मार्ग करून पाहिले गेले. गुणसूत्रांचा संपूर्ण संच दुप्पट केलेली झाडं घडवणं हा त्यातलाच एक. शेवटी जे थोडं बी मिळालं, त्याच्या झाडांचा पुन्हा भेंडीशी संकर, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड, असं करत गुणसूत्रांचा गोंधळ निवला, फळ भेंडीचं राहिलं आणि मॅनिहॉटचं ते एक जनुक आत राहिलं.

त्यातून निघालेला वाण म्हणजे ‘परभणी क्रांती’. गर्द हिरवी, कोवळी, सडपातळ, पाच धारांची भेंडी. १९८५ मध्ये तिची शिफारस झाली आणि १९८६ मध्ये जांभळे आणि नेरकर यांनी ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात तिची ओळख छापली. त्याच सुमारास पंजाबात आणि बेंगळुरूलाही रानटी नातलगांशी संकर चालले होते. ‘पंजाब पद्मिनी’ आणि ‘अर्का अनामिका’ त्यातूनच आल्या. पण आपल्या जिल्ह्याचं नाव बियाण्याच्या पुडीवर छापून देशभर नेलं ते क्रांतीने. आता ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त वाढवलेली ज्वारी ते काम करते आहे.

ते एक जनुक झाडात नेमकं काय करतं, हे शोधण्याची साधनं १९८५ च्या परभणीत नव्हती. शत्रू कोण आहे, हे कळायलाच जगाला सत्तरचं दशक उजाडावं लागलं होतं.

तोवर वनस्पतींचे बहुतेक विषाणू आरएनएचे असतात, असं धरून चाललेलं होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गुडमन यांनी घेवड्याच्या सोनेरी मोझॅकच्या विषाणूत एकेरी धाग्याचा डीएनए दाखवला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या हॅरिसन यांच्या गटाने अशा विषाणूंचा डीएनए वर्तुळाकार असल्याचं मांडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे कण जुळ्यांसारखे एकमेकांना चिकटलेले दिसतात, म्हणून जेमिनीव्हायरस हे नाव पडलं. भेंडीचा विषाणू याच घराण्यातला.

या विषाणूची सगळी संहिता साधारण २७०० अक्षरांची. प्रथिनं मोजून सहा-सात. त्यात डीएनएची प्रत काढणारं पॉलिमरेज नावाचं प्रथिन नाहीच. स्वतःची प्रत काढण्याचं यंत्र न बाळगता हा वाढतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी भाजून घेणाराच. त्याच्याकडे फक्त एक मुकादम आहे, रेप नावाचं प्रथिन. विषाणूच्या वर्तुळावर नऊ अक्षरांचा एक ठरलेला शब्द असतो: टीएएटीएटीटीएसी. जगभरच्या जवळपास सगळ्या जेमिनीव्हायरसांत तो तोच. रेप त्या शब्दात ठरल्या जागी धागा कापतं आणि कापलेल्या एका टोकाला चिकटून राहतं. मग पेशीची यंत्रणा दुसऱ्या टोकापासून वर्तुळाभोवती फिरत नवा धागा विणत जाते आणि जुना धागा सुटत जातो. आफ्रिकेतल्या कसावाच्या विषाणूवर काम करताना नॉरिचच्या सॉन्डर्स, ल्यूसी आणि स्टॅनली यांना १९९१ मध्ये या फिरत्या पद्धतीच्या खुणा मिळाल्या. बॅक्टेरियातली छोटी डीएनए वर्तुळंही अशीच वाढतात आणि रेपसारखी प्रथिनं तिथेही आहेत. म्हणजे या घराण्याची मुळं शेतापेक्षा फार खोल गेलेली.

यात एक अडचण होती. विषाणूला हवी ती यंत्रणा विभाजन करणाऱ्या पेशीत असते. अन्नवाहिनीजवळच्या पेशी वाढ संपवून स्वस्थ बसलेल्या. तिथे ही प्रथिनं जवळपास नसतात. विषाणू त्या पेशींना उठवतो. पेशीला विभाजनापासून अडवून धरणारं रेटिनोब्लास्टोमा कुळातलं एक प्रथिन असतं. माणसात ते बिघडलं की डोळ्याचा कर्करोग होतो, नाव तिथूनच आलेलं. जेमिनीव्हायरसचं प्रथिन त्याला धरतं, अडसर निघतो, आणि पेशी डीएनएची प्रत काढायच्या तयारीला लागते. १९९५ मध्ये लिंडा हॅनली-बोडॉइन यांच्या गटाने दाखवलं की टोमॅटोच्या एका जेमिनीव्हायरसमुळे वाढ संपलेल्या पेशींतही पीसीएनए हे प्रथिन पुन्हा दिसू लागतं.

हे पीसीएनए म्हणजे कोण, हे कळण्यासाठी आता यीस्टकडे वळावं लागतं.

पाव आणि मद्य करणारं यीस्ट, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसिई, ही एकपेशीय बुरशी आहे. पण तिच्या पेशीची घडण बॅक्टेरियापेक्षा आपल्या आणि भेंडीच्या जवळची. केंद्रक आहे, १६ गुणसूत्रं आहेत, साधारण १ कोटी २० लाख अक्षरं आहेत. ती सगळी अक्षरं १९९६ मध्ये वाचून झाली. केंद्रक असलेल्या पेशींत तो पहिला मान यीस्टचा. दीड तासात एकीच्या दोन होतात. एखादं जनुक बिघडवा आणि काय अडतं ते बघा, हा प्रयोग भेंडीवर करायला हंगाम जातो, यीस्टवर दोन दिवस.

सिएटलमध्ये लेलँड हार्टवेल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं. तापमान वाढवलं की विभाजनाच्या ठरलेल्या टप्प्यावर अडणाऱ्या यीस्ट त्यांनी गोळा केल्या आणि कुठली कुठे अडते त्यावरून विभाजनाचा क्रम लावला. १९७९ मध्ये यीस्टच्या डीएनएतली प्रत सुरू होण्याची ठिकाणं हाती लागली. अशी ठिकाणं यीस्टमध्ये शेकड्यांनी आहेत. १९८४ मध्ये मेन, प्रतिमा सिन्हा आणि बिक टाय यांनी अशा यीस्ट शोधल्या, ज्यांना छोटी गुणसूत्रं सांभाळता येत नव्हती. त्यांतून एमसीएम नावाची प्रथिनं पुढे आली. डीएनएच्या दोन धाग्यांची वीण उसवत पुढे जाणारं कडं त्यांचंच. प्रत सुरू होण्याची ठिकाणं ओळखून धरणारा सहा प्रथिनांचा गट १९९२ मध्ये बेल आणि स्टिलमन यांनी वेगळा केला.

आरपीए नावाचं आणखी एक प्रथिन आणि पीसीएनए यांचं काम मात्र यीस्टच्या आधी एका विषाणूमुळेच कळलं होतं. माकडाच्या एसव्ही-४० या विषाणूची प्रत माणसाच्या पेशीच्या अर्कात काढताना पेशीची कुठली प्रथिनं लागतात, हे ऐंशीच्या दशकात एकेक करून ओळखलं गेलं. उसनवारी करणारा विषाणू यजमानाची यादी हाती देतो, ही युक्ती तेव्हापासून चालत आली आहे. त्या यादीतलं आरपीए उघड्या एकेरी धाग्यावर पांघरूण घालतं, म्हणजे तो तुटत नाही आणि स्वतःवरच गुंडाळत नाही. पीसीएनए हे कड्याच्या आकाराचं. डीएनएला वेढून सरकतं आणि पॉलिमरेजला जागेवरून घसरू देत नाही.

इथवर झालं प्रत काढण्याचं. ती काढताना बिघाड झाला तर काय, हे यीस्टने जास्त चांगलं शिकवलं. क्ष-किरणं आणि अतिनील प्रकाश सहन न होणाऱ्या यीस्टच्या जनुकांना ‘रॅड’ म्हणतात. पन्नासच्या पुढचे क्रमांक क्ष-किरणांना बळी पडणाऱ्यांचे: रॅड-५१, रॅड-५२, रॅड-५४. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की शेजारच्या सारख्या डीएनएकडे बघून तुटका भाग पुन्हा लिहून काढायचा, हे या मंडळींचं काम. रॅड-५१ तुटक्या धाग्यावर चढतं आणि जुळणारा मजकूर शोधतं. रॅड-५४ इंधन जाळून डीएनएवरून सरकतं आणि त्या शोधाला जागा करून देतं.

१९८८ मध्ये टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी रॅड-९ नसलेल्या यीस्टवर क्ष-किरण सोडले. साधी यीस्ट अशा वेळी थांबते, दुरुस्ती करते आणि मग विभागते. रॅड-९ नसलेली यीस्ट थांबलीच नाही. तुटकी गुणसूत्रं घेऊन विभागली आणि मेली. म्हणजे ‘थांब’ म्हणणारी यंत्रणा दुरुस्तीहून वेगळी आहे. पेशीच्या या नाक्यांना त्यांनी पुढच्या वर्षी चेकपॉइंट हे नाव दिलं. नाक्यावरचे दोन मुख्य हवालदार नंतर सापडले, मेक-१ आणि रॅड-५३. २००१ मध्ये हार्टवेल यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याच वर्षी इटली आणि इंग्लंडमधल्या दोन गटांनी यीस्टवरच दाखवलं की रॅड-५३ फक्त थांबवत नाही. प्रत काढता काढता अडलेली जागा ते शाबूत ठेवतं. ते नसेल तर अडलेलं काम पुन्हा सुरू होऊ शकत नाही आणि तिथला डीएनए विस्कटतो. अशा प्रयोगांत प्रत काढणं अडवण्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया वापरतात. गडचिरोली-नंदुरबारकडचे सिकलसेलचे रुग्ण ज्या गोळ्या घेतात, त्यांतलंच औषध. डीएनएची अक्षरं बनवणं ते मंदावतं.

आता हे दोन माग एकत्र येतात ते दिल्लीत. आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रात सुनील मुखर्जी यांच्या गटाने मुगाच्या पिवळ्या मोझॅकचा विषाणू घेतला. हाही जेमिनीव्हायरस, पांढऱ्या माशीनेच येणारा. परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रात मुगाचे वाण काढताना ज्या रोगाचा धसका असतो, त्याच कुळातला हा शत्रू. झाडात डीएनएची प्रत कशी निघते हे बारकाईने पाहणं अवघड, म्हणून या गटाने विषाणूला यीस्टमध्ये घातलं. यीस्टचं स्वतःचं आरंभस्थान काढून टाकलेल्या डीएनए वर्तुळात विषाणूचा डीएनए जोडला. यीस्ट वाढली, म्हणजे वर्तुळाच्या प्रती निघाल्या, आणि त्या विषाणूच्याच खुणेवरून आणि विषाणूच्याच प्रथिनाच्या भरवशावर. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुगाच्या पानातला परोपजीवी पावाच्या यीस्टमध्ये नांदला, कारण ज्या प्रथिनांवर तो जगतो ती दोन्हीकडे जवळजवळ सारखी आहेत.

मग यादी भरत गेली. त्याच वर्षी या गटाने दाखवलं की पीसीएनए रेपला येऊन चिकटतं आणि रेपची कापाकापी कमी करतं. मला यात गंमत वाटते: विषाणू ज्याला मुद्दाम जागं करतो, तेच प्रथिन मुकादमाला आवरतंही. पण विचार केला तर ते सोयीचंच आहे. पॉलिमरेज काम करत असताना रेपने धागा पुन्हा पुन्हा कापत बसू नये. २००७ मध्ये आरपीएचा एक भाग रेपशी जोडलेला दिसला. पुढे एमसीएम-२सुद्धा या कामात लागतं, असं यीस्ट आणि झाडं दोन्ही वापरून मांडलं गेलं.

सगळ्यांत अनपेक्षित नाव २०१२ मध्ये आलं: रॅड-५४. रेपला कोण कोण चिकटतं याची चाळणी करताना ते सापडलं. रॅड-५४ मिळालं की रेपची कापण्याची, इंधन जाळण्याची आणि धागे उसवण्याची क्षमता वाढते. रॅड-५४ नसलेल्या यीस्टच्या केंद्रकांचा अर्क काढला तर त्यात विषाणूची प्रत निघेना. बाहेरून शुद्ध रॅड-५४ घातलं की प्रत जोमाने निघाली. तुटलेलं गुणसूत्र सांधण्यासाठी कोट्यवधी वर्षं राखून ठेवलेला कारागीर विषाणूच्या रोजच्या कामावर राबताना पकडला गेला.

याचा शेतीसाठीचा अर्थ कटू आहे. पीसीएनए, आरपीए, रॅड-५४, पॉलिमरेज यांतलं काहीही बंद पाडलं तर विषाणू थांबेल, पण भेंडीही थांबेल. जो फवारा विषाणूच्या यंत्राला मारेल, तो झाडाच्या यंत्राला मारेल, कारण यंत्र एकच आहे. म्हणून केवड्यावर औषध नाही. दुकानात जे मिळतं ते माशीवरचं. लढाई रेप आणि यजमान यांच्यातल्या सांध्यावरच होऊ शकते, किंवा नेरकर-जांभळ्यांनी घेतलेल्या वाटेने, म्हणजे ज्या झाडात विषाणूचं जमत नाही त्याचं जनुक उसनं आणून.

ते उसनं आणण्याचं कामही याच घराण्याच्या प्रथिनांनी केलं, हे परभणीच्या कथेत सहसा सांगितलं जात नाही. परागकण तयार होताना गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात, तेव्हा आधी डीएनए मुद्दाम तोडला जातो आणि रॅड-५१ च्या कुळातली प्रथिनं ती तूट जोडीदाराकडे बघून सांधतात. तोडणारं प्रथिन स्पो-११, ते १९९७ मध्ये यीस्टमध्येच ओळखलं गेलं. मॅनिहॉट आणि भेंडी यांच्या संकराचं झाड वांझ निघतं ते या यंत्रणेला जोडीदार मिळत नाही म्हणून, आणि दोन जातींची गुणसूत्रं जिथे कुठे जुळतात तिथे जनुकांची देवघेव होते ती तिच्याच हातून.

आणि क्रांतीची ताकद पुढे उतरली, त्यातही हीच यंत्रणा आहे. स्टुटगार्टच्या होल्गर येस्के यांनी २००१ मध्ये, भेंडीच्याच कुळातल्या अबुटिलॉनवरच्या विषाणूत, प्रत काढण्याची दुसरी पद्धत दाखवली. धागा अर्धवट राहिला किंवा तुटला तर त्याचं टोक दुसऱ्या वर्तुळात शिरतं आणि तिथून मजकूर उचलून पुढे लिहू लागतं. हीच यजमानाची दुरुस्तीची रीत. एका पेशीत दोन निरनिराळे विषाणू शिरले असतील, तर एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड अशी तिसरीच प्रत निघते. यजमानाच्या संहितेत या दुरुस्तीने स्थैर्य येतं. विषाणूत तिच्यामुळे नवी रूपं येतात. भेंडी, कापूस, टोमॅटो, अंबाडी, आणि बांधावरचं तण, सगळीकडे हिंडणारी एकच पांढरी माशी असली की दोन विषाणू एका पेशीत यायला कितीसा वेळ लागणार? मराठवाड्यात हे सगळं एका शिवारात असतं. भारतातल्या भेंडीवर आज एक नाही, अनेक जेमिनीव्हायरस नोंदले गेले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत अशा जोडाजोडीच्या खुणा सापडतात.

त्यात उपग्रहाची भर. मदुराईच्या जॉइस जोस आणि आर. उषा यांनी २००३ मध्ये दाखवलं की भेंडीचा केवडा एकट्या विषाणूने पूर्ण येत नाही. त्याच्यासोबत सुमारे १३०० अक्षरांचं आणखी एक डीएनए वर्तुळ लागतं. त्याच्याकडे तर रेपही नाही. प्रत काढायला ते विषाणूवर अवलंबून, विषाणू झाडावर. बदल्यात ते एक प्रथिन देतं, जे झाडाची विषाणूला गप्प करण्याची व्यवस्था बोथट करतं. नेरकर-जांभळे यांनी १९८१ मध्ये झाडं मोजली तेव्हा हा भिडू कोणाच्या हिशेबात असणं शक्यच नव्हतं. पुसा सावनीवर जी वेळ वीस वर्षांत आली, ती क्रांतीवरही बऱ्याच भागांत आली. याचा दोष पैदासकाराला देणारे लोक असतात. एका जनुकाने इतक्या वेगाने रूप बदलणाऱ्या विषाणूला इतकी वर्षं रोखलं, हेच मला जास्त वाटतं.

झाडात विषाणूची प्रत नेमकं कुठलं पॉलिमरेज काढतं, हे यीस्टमध्ये विषाणू नांदल्यानंतरही बरीच वर्षं अंदाजावर होतं. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या कामाने ती दोन नावं पक्की केली: अल्फा आणि डेल्टा. यीस्टपासून माणसापर्यंत गुणसूत्रांची प्रत काढणाऱ्यांपैकी हीच दोन.

भेंडीच्या नव्या वाणांची चाचणी आता कशी होते ते पाहण्यासारखं आहे. रोग हमखास यावा म्हणून प्रक्षेत्रात ओळींच्या मध्ये आणि कडेने मुद्दाम पुसा सावनी पेरतात. एके काळी केवड्याला दाद न देणारा तो वाण आज केवडा पोसण्यासाठी वापरला जातो. तुलनेसाठी बहुतेक वेळा शेजारी परभणी क्रांतीची ओळ असते. कुठल्या ठिकाणी ती हिरवी राहते, कुठल्या ठिकाणी तिच्याही शिरा पिवळ्या पडतात, आणि नोंदवहीत दोन्ही लिहिलं जातं.